रिकाम्या पंपघरातली चोरी

१

कुलूप तोडलेलं होतं, दार सताड उघडं होतं, आणि चोरीला काय गेलं म्हणून विचारलं तर उत्तर एकच: काही नाही.

असल्या चोऱ्या मला भारी आवडतात. मी हेमा, विमा कंपन्यांची सर्व्हेअर. जळालेलं दुकान, बुडालेली होडी, कौलांवर पडलेला माड, काहीही झालं की मी स्कूटर काढते आणि नुकसान बघून येते. रत्नागिरीत या कामात माझे केस पांढरे झाले. लोक माझ्याशी फार गोड बोलतात आणि तितकंच खोटंही बोलतात, त्याची आता सवय झाली आहे. पण काही गेलंच नाही आणि तरी मला बोलावलं, असं प्रथमच घडत होतं.

बोलावलं होतं सलिलने. पावस गावाच्या रस्त्याला त्याच्या काकांची, चिंतामणीकाकांची, हापूसची मोठी बाग आहे आणि बागेतच आंबा भरून परदेशी पाठवायचं पॅकहाऊस. नाव 'कातळबाग'. काका मालक, पुतण्या मॅनेजर. काका सगळं तोंडी सांगणारे, तर पुतण्या साधं पाणी प्यायचं तरी मोबाइलमध्ये नोंदवणारा.

"मॅडम, पॉलिसीत लिहिलंय की नुसता प्रयत्न झाला तरी कळवायचं, म्हणून कळवलं," सलिल म्हणाला. तो मला बागेच्या टोकाला, विहिरीवरच्या पंपघराकडे घेऊन गेला.

मी आत डोकावले. मोटर जागच्या जागी. तांब्याची जाड केबल भिंतीला लटकलेली. तांब्याचा भाव काय आहे आज, आणि चोर ती सोडून गेला? खालच्या दोन फळ्यांवर खताच्या रिकाम्या पिशव्या आणि त्यांवर धूळ, बोटसुद्धा लागलेलं नाही. फक्त सगळ्यात वरच्या फळीवरची गोणपाटं ओढून जमिनीवर फेकली होती.

"हा चोर शोधत नव्हता सलिल," मी म्हटलं. "त्याला जागा माहीत होती. तो सरळ वरच्या फळीपाशी गेला. काय होतं तिथे?"

सलिलने इकडेतिकडे बघितलं. "फळीचं मला माहीत नाही. पण या पंपघरात स्टिकरचे रोल ठेवायचे होते. पण ठेवलेच नाहीत. ही जागा आम्ही तिघांनी ठरवली होती, आणि रद्दही आम्ही तिघांनीच केली."

म्हणजे ज्यांना ही जागा माहीत होती, त्या प्रत्येकाला ती रिकामी आहे हेही माहीत होतं. मग कुलूप तोडायला आलं कोण?

२

पॅकहाऊसच्या ऑफिसात पन्हं आलं आणि सलिलने सगळं सांगितलं.

मागच्या हंगामात लांज्याजवळच्या 'हिरवादेठ' कंपनीचा स्टिकरचा एक रोल नाहीसा झाला. आंब्याला चिकटवायचं छोटं गोल स्टिकर असतं ना, मोबाइल धरला की कुठल्या बागेतला आंबा ते दाखवतं, ते. पुढे दुबईत कुठलातरी भलताच आंबा हिरवादेठचं स्टिकर लावून विकला गेला. गिऱ्हाईक बोंबललं, व्यापाऱ्याने पाठ फिरवली, आणि कंपनी अशी आपटली की अजून उठून बसतेय.

झालं. इकडे सगळ्या आंबेवाल्यांचं धाबं दणाणलं. शेजाऱ्याच्या घरात साप निघाला की आपण आपल्या गाद्या झटकतो, तसं. कातळबागेने विमा उतरवला, कॅमेरे बसवले आणि पुण्याहून सल्लागार आणली. सावनी तिचं नाव. हुशार मुलगी, पण बोलताना प्रत्येक गोष्टीचे भाग पाडायची.

"धोका दोन प्रकारचा असतो," ती मला सांगू लागली. "आतला आणि बाहेरचा. हिरवादेठमध्ये आतल्या माणसाचा हात असणार, असा माझा अंदाज आहे. म्हणून इथे मी रोलची जागा कमीत कमी लोकांना माहीत असावी असं सुचवलं. काका, सलिल आणि नम्रता."

नम्रता ही पॅकहाऊसची सुपरवायझर. रोल पंपघरात ठेवायचे, असं या तिघांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सावनीने पंपघर बघितलं, ओल बघितली आणि कपाळावर हात मारला. स्टिकरचा गोंद आठवड्यात गेला असता. मग छपाईवाल्याकडून रोल आले ते सरळ काकांच्या राहत्या घरी, माळ्यावर चढले.

"आणि नम्रता कुठे आहे?" मी विचारलं.

सलिलने खिडकीबाहेर बघितलं. "तिला काल घरी बसवलं."

"का?"

"तिचा भाऊ हिरवादेठमध्ये कामाला होता, मॅडम. आणखी काय पाहिजे? जागा ठरली त्याच दिवशी तिने त्याला सांगितली असणार. दुबईच्या व्यापाऱ्याला कळवलंय आम्ही. तो म्हणतो, फुटलं कुठून ते कळल्याशिवाय पहिली खेप उचलणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मला त्याला नाव द्यायचंय."

"आणि ते नाव तू आधीच ठरवलंयस."

तो मोबाइल चाळू लागला. पॅकिंगच्या टेबलांवर बायका आंबे पुसत होत्या, पण एकीचंही तोंड चालू नव्हतं. बायका गप्प असलेलं पॅकहाऊस मी आजवर पाहिलं नव्हतं. मला मनापासून राग आला आणि मी उठले.

३

नम्रताचं घर आत, डोंगराच्या अंगाला. अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या आणि तिची आई, तुळसा, त्या हाताने पसरत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने बसायला पाट दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

नम्रता बाहेर आली. रडून झालेलं होतं, आता नुसती चिडलेली होती. बरं वाटलं मला. चिडलेलं माणूस निदान बोलतं तरी.

"विचारा काय ते," ती म्हणाली. "सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय."

"मी नाही ठरवलेलं. रोल पंपघरात कसे ठेवायचे होते?"

"पत्र्याच्या पिंपात. मीच म्हटलं होतं, तिथे उंदीर आहेत, पिंपात ठेवा. सलिलदादा हो म्हणाले. पिंप आणायच्या आधीच बेत बदलला."

"आणि वरच्या फळीचं काय?"

"कुठली फळी?" तिने कपाळाला आठ्या घातल्या. "फळीवर कशाला ठेवेन मी? उंदीर सगळ्यात आधी तिथेच चढतात."

मी तिच्याकडे नीट बघितलं. तिला खरंच फळीचं काही माहीत नव्हतं. जिच्या डोक्यात पिंप होतं, तिने पाठवलेला चोर आधी पिंप शोधेल. शिवाय जागा रद्द झाल्यापासून चोरीपर्यंत मधे आठवडा गेला होता. भावाला जागा सांगितली असती, तर जागा बदलली हेही तिने सांगितलंच असतं. रिकाम्या खोलीत कोण कुणाला मुद्दाम पाठवेल?

"तुझा भाऊ कुठाय?"

उत्तर आईने दिलं. "त्याला पण काडलानी," तुळसा बियांकडे बघतच म्हणाली. "ह्यांच्या सलिलनी तिकडं फोन केलान, सावध ऱ्हवा म्हणून. त्यांनी दुसऱ्या दिवशी दर्शनला येव नको म्हणून सांगितलानी. दोनी पोरा घरात बसली. गावात तोंड दाकवाची सोय नाय ऱ्हायली, बाय."

एका रिकाम्या पंपघरापायी दोन पोरांची कामं गेली होती. आणि उद्या संध्याकाळी नम्रताचं नाव दुबईला गेलं, की रत्नागिरीत कुठलाही आंबेवाला तिला दारात उभी करणार नव्हता.

"ती फळी कुणाच्या डोक्यातून आली, तेवढं शोधते," मी म्हटलं आणि स्कूटरला किक मारली.

४

चिंतामणीकाका ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत.

"ये गो हेमा. काय म्हणतो तुझा चोर?"

"चोर म्हणतो, मला वरच्या फळीवर जायला सांगितलं होतं."

झोपाळा थांबला. काकांचा चेहरा असा झाला, की मला कळलं, इथे काहीतरी आहे.

"फळी तुम्ही ठरवलीत ना काका?"

"मीच," ते हळूच म्हणाले. "या पोरांचं पिंपबिंप मला पटलं नव्हतं. पिंप दिसलं की कोणीही उघडून बघतो. मी स्वतः जाऊन वरच्या फळीवर गोणपाटं टाकून आलो. त्याखाली ठेवायचे म्हणजे कोणाला संशय नको. पण मी हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही हो."

"सलिलला?"

"नाही."

"काकूंना?"

"तिला सांगितलं तर गावाला सांगितल्यासारखं."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. काकू ऐकत होत्या.

 काकांच्या सवयी मला माहीत होत्या. नवी गाडी घेतली, विहीर खणली, पॅकहाऊस बांधलं, काका दर वेळी पहिलं काय करतात ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"काका, हंगामाच्या सुरुवातीला गाऱ्हाणं घातलंत का ग्रामदेवाला?"

"म्हणजे काय? घालणारच. जागा ठरली त्याच संध्याकाळी घातलं. त्या हिरवादेठवाल्यांचं असं झाल्यावर घालायला नको?"

"आणि गाऱ्हाण्यात काय सांगितलंत?"

काकांनी झोपाळ्याची कडी धरली. मग म्हणाले, "हेमा, देवाला सांगितलं म्हणजे कोणाला सांगितलं, असं होतं का?"

५

गाऱ्हाणं म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे देवाकडे मनातल्या मनात मागत नाहीत. गुरव देवासमोर उभा राहतो आणि मोठ्या आवाजात, यजमानाच्या नावागावासकट, सगळं व्यवस्थित सांगतो. बाकीचे मागून हो म्हणतात. मोघम सांगून चालत नाही. कुठल्या घराला, कुठल्या गोठ्याला राखायचं, ते देवाला नेमकं कळायला हवं ना.

गुरव हरिश्चंद्र देवळाच्या पायरीवर बसून नारळ सोलत होता. मी विचारल्यावर तो उठून उभा राहिला, गाऱ्हाणं असं बसून सांगतात थोडंच. त्याने देवाकडे तोंड केलं आणि सुरू केलं.

"बा देवा महाराजा, आज हा तुजा लेकरू चिंतामणी तुज्या पायाशी नारळ ठेवताय. त्याच्या बागेस, त्याच्या आंब्यास कोनाची वाकडी नजर लागली आसल ती दूर कर. शेजाऱ्याच्या घरात जी चोरी झाली ती ह्याच्या घरात होव देव नको. इहिरीवरच्या पंपघरात, वरच्या फळीवर, गोणपाटाखाली जो काय माल ठेवणार हाय, त्याची राखण कर महाराजा."

"व्हय महाराजा," मी सवयीने म्हणून गेले.

एवढी सल्लागार आणून, एवढे कॅमेरे बसवून, काकांनी जागा पत्त्यासकट घंटेखाली जाहीर केली होती. हसावं की रडावं मला कळेना. मी हसलेच.

"त्या दिवशी हो म्हणायला कोण कोण होतं?"

"चिंतामणीशेट, त्यांचा टेंपोवाला विनोद, नि तो कॅमेरेवाला अजिंक्य. नव्या कॅमेऱ्यांस अंगारा लावाचा म्हणून शेटनी त्याला धरून आनलानी."

विनोद मला बाजारात टेंपो धुताना भेटला. "गाऱ्हाणं ऐकलं ना मी," तो सरळ म्हणाला. "पण ताई, पुढे रोल छपाईवाल्याकडून आणले मीच, आणि माळ्यावर चढवले पण मीच. पंपघरात कशाला जाऊ?"

"आणि गुरव?"

"त्यालाच तर बोलावला होता घरी, खोक्यांवर नारळ फोडायला. शेटना फोडल्याशिवाय चैन पडत नाय. कॅमेरेवाला तेवढा नव्हता, काम संपवून लांज्याला गेला होता."

मी उन्हात तशीच उभी राहिले. देवळात गुरव, विनोद आणि अजिंक्य, अशा तिघांनी काकांची जागा ऐकली. तिघांतल्या दोघांनी पुढे रोल काकांच्या घरी चढताना डोळ्यांनी बघितले. तिसरा तेव्हा कॅमेरे बसवून लांज्याला परत गेलेला होता.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सलिलला सांगून अजिंक्यला बोलावून घेतलं. आणखी दोन कॅमेरे लावायचेत, एवढंच कळवायला सांगितलं. तो लगेच आला. नीटनेटका, गोडबोल्या, तिशीतला माणूस. ऑफिसात काका, सलिल आणि सावनी होते.

"अजिंक्य, हिरवादेठचे कॅमेरेही तुझेच ना?" मी विचारलं.

"हो मॅडम. पूर्वीपासून. लांज्यात सगळे मलाच बोलावतात."

"आणि तिथे रोल गेला तेव्हा कॅमेऱ्यात काय आलं?"

"काहीच नाही. चोर कोपऱ्यातून आला असणार."

"इथेही काही आलं नाही, मी सकाळी चित्रण बघितलं. फाटकावरच्या कॅमेऱ्यात गडग्याची भिंत दिसते, पण शेवटचा तुकडा तेवढा दिसत नाही. बरोबर तिथूनच कोणीतरी उडी मारून पंपघराकडे गेलं."

सावनीने मान वर केली. तिने लॅपटॉप उघडला आणि तिने काढलेला बागेचा आराखडा पुढे केला. "माझ्या आराखड्यात फाटकावरचा कॅमेरा पूर्ण भिंत बघतो. तो वळवला कोणी?"

"ऊन येत होतं मॅडम," अजिंक्य म्हणाला. "चित्र पांढरं पडतं."

"तो कॅमेरा उत्तरेकडे बघतो," सावनी थंडपणे म्हणाली. "उत्तरेकडून ऊन कसं येईल?"

मी तशीच पुढे बोलले, कारण थांबले असते तर सलिलने मधेच काहीतरी घोळ घातला असता.

"हे बघा. चोर वरच्या फळीपाशी सरळ गेला. ती फळी नम्रताला माहीत नव्हती, सलिललाही नव्हती. काकांनी ती फक्त देवाला सांगितली, आणि ती ऐकायला देवळात तिघं होते. विनोद आणि गुरव यांना पुढे माल माळ्यावर गेला हे माहीत होतं. जागा माहीत आहे पण बदल माहीत नाही, असा माणूस एकच उरतो. आणि कॅमेरा वळवणाराही तोच."

अजिंक्यने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला. नाही म्हणेल, भांडेल असं मला वाटलं होतं. पण तो काकांकडे बघून हसला, कसनुसा.

"हिरवादेठला मला कुणी काही विचारलंच नाही," तो म्हणाला. "रोल गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला आणखी कॅमेरे लावायला सांगितले. मग तुमचा फोन आला. मग बाकीच्यांचे आले. सगळे म्हणायचे, याला हिरवादेठचं सगळं माहीत आहे, यालाच बोलवा."

सलिलचा चेहरा पडला. अजिंक्यला तोच घेऊन आला होता, आणि याच कारणासाठी.

पोलिसांचं पुढचं सगळं सांगत बसत नाही. त्याच्या लांज्याच्या दुकानात हिरवादेठचा उरलेला अर्धा रोल सापडला, एवढं पुरे.

सावनी मात्र बराच वेळ तिच्या आराखड्याकडे बघत बसली होती. "आतला धोका आणि बाहेरचा धोका," ती शेवटी म्हणाली. "देव कुठल्या रकान्यात घालू?"

"मालकाच्या," मी म्हटलं.

७

व्यापाऱ्याला संध्याकाळच्या आत कळवलं. माझ्या अहवालात मी कारण सरळ लिहिलं: जागा मालकाने स्वतः उघड केली, कामगारांपैकी कोणाचाही दोष नाही. सलिलने तो वाचला आणि म्हणाला, "मॅडम, हे जरा सौम्य नाही का करता येणार?"

"नम्रताला घरी बसवताना तू किती सौम्य होतास?" मी विचारलं. त्याने कागद खाली ठेवला.

काका म्हणाले, नम्रताला फोन करून उद्या ये म्हणून सांगतो. मी म्हटलं, फोनवर नाही. स्कूटरच्या मागे बसा. ते सत्तरीचे गृहस्थ धोतर सावरत माझ्या मागे बसले.

अंगणात तुळसा होती. नम्रता दारात आली आणि तिथेच थांबली. शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि काकांनी त्यांच्याकडे बघून घसा खाकरला.

"नम्रता, उद्यापासून ये," ते म्हणाले. "चोर सापडला."

"ते कळलं," ती म्हणाली. "काका, तुम्ही देवाला सगळं सांगितलंत. मला एकदा विचारायचं होतंत. मी समोरच उभी होते."

काकांनी त्या अंगणात मान खाली घातली. माझ्या बघण्यात ते पहिल्यांदाच.

"चूक माझी," ते शेवटी म्हणाले, आणि कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "जागा मीच फोडली. हिचा काही संबंध नव्हता. तिच्या भावाचाही नव्हता. हिरवादेठवाल्यांना मी स्वतः सांगतो, आणि त्यांनी नाही घेतला तर दर्शनने माझ्याकडे यावं."

तुळसा उठली. हाताला लागलेली माती तिने पदराला पुसली. "तो गेला मुंबईस. आज सकाळच्या गाडीनं. हितं कोन काम देल त्याला, म्हनून गेला."

वीस-बावीस वर्षांचा मुलगा, घराजवळ काम होतं त्याला. दोन कंपन्यांनी आपापली काळजी घेतली आणि तो उठून गेला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याला कुठल्याही पॉलिसीत भरपाई नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

नम्रता पायरी उतरून खाली आली. तिने आपल्या मोबाइलवर नंबर लावला आणि फोन काकांच्या हातात दिला.

"मी येते उद्या," ती म्हणाली. "पण आधी त्याच्याशी बोला. आत्ता, आईच्या समोर."

काकांनी फोन कानाला धरला. बराच वेळ रिंग जात राहिली. पलीकडून आवाज आला तेव्हा त्यांचा खणखणीत आवाज पार बसला होता.

"दर्शन, मी चिंतामणी बोलतोय," ते म्हणाले. "फोन ठेवू नको रे बाळा. माझं ऐकून घे."